पवन्या, कुसळी आणि दोन कोटी वर्षे

ज्वारी, ऊस, मका, वाळा, गवती चहा आणि माळावरून चालताना धोतराच्या सोग्याला लगडून घरापर्यंत येणारी कुसळी ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत. वनस्पतिशास्त्रात या घराण्याला अँड्रोपोगोनी म्हणतात. जगात गवतांच्या सुमारे बारा हजार जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास बाराशे या घराण्यातल्या. जातींच्या हिशेबात वाटा दहाव्या भागाचा, पण जमिनीच्या हिशेबात तो फार मोठा. आफ्रिकेतले सव्हाना, ब्राझीलमधला सेराडो, उत्तर ऑस्ट्रेलियातली गवताळ राने, उत्तर अमेरिकेतली उंच गवताची प्रेअरी या सगळ्या ठिकाणी याच घराण्याची सत्ता चालते. आपल्याकडेही तेच. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, कुंदा, रोशा ही दख्खनच्या कुरणातली नावे घ्या, सगळी याच कुळातली निघतात. प्रश्न असा की ही गवते इथे आली कधी आणि कोणत्या परिस्थितीत? प्रश्न दिसतो पुस्तकी, पण सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर दर पावसाळ्यात जे खड्डे खणले जातात आणि त्यांत जी रोपे लावली जातात, त्यांचा बरेवाईटपणा याच उत्तरावर ठरतो.

आजवरचे रूढ उत्तर साधे आहे. पर्जन्यछायेतला प्रदेश पूर्वी झाडीने भरलेला होता, माणसाने ती तोडली, गुरांनी चरली, वणव्यांनी जाळली आणि उरले ते गवत. ही समजूत कुणा एकाची नाही, तिला शास्त्रीय वंशावळ आहे. एच. जी. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारतातल्या वनप्रकारांचे वर्गीकरण केले आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्यासोबत ते सुधारून प्रसिद्ध केले. त्यात गवताळ प्रदेशाला स्वतःचे घर जवळजवळ नाहीच, तो बहुतेक जंगलाची खालावलेली पायरी म्हणून येतो. दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा ‘द ग्रास कव्हर ऑफ इंडिया’ हा १९७३ चा ग्रंथ गवतांवरचाच. देशभर सर्वेक्षण करून त्यांनी भारताच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले आणि सर्वांत मोठा प्रकार ठरला तो दख्खनसह द्वीपकल्पात पसरलेला सेहिमा-डायकॅन्थियमचा, म्हणजे पवन्या आणि मारवेल यांचा. एवढे बारकाईने काम करूनही या गवतांकडे पाहण्याची दृष्टी मात्र वनखात्याचीच राहिली: जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा एक मुक्काम, शेवटचे ठिकाण नव्हे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. या गवतांचा भूगोल आणि त्यांचा वंशवृक्ष शेजारी शेजारी मांडून पाहिला, तर दख्खनचा मोकळा, विरळ झाडांचा माळ ही माणसाने केलेली मोडतोड ठरत नाही. तो फार जुना आणि आपल्या जागी असलेला निसर्ग ठरतो.

आधी भूगोल पाहू. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या हार्टले या संशोधकाने एक साधी पण कष्टाची गोष्ट केली. जगातल्या निरनिराळ्या प्रदेशांच्या वनस्पतिसूची घेऊन प्रत्येक ठिकाणच्या गवतांत कोणत्या कुळाचा टक्का किती, हे मोजले. अँड्रोपोगोनीचा टक्का उन्हाळी पावसाच्या उष्ण प्रदेशांत चढत जातो, हे त्यातून दिसले. म्हणजे मोसमी हवामान हे या कुळाचे माहेर, आणि मोसमी आशियात, त्यातही भारतात, या कुळाची दाटी विलक्षण. इस्चेमम, डायमेरिया, आर्थ्राक्सॉन, डायकॅन्थियम या प्रजातींच्या कितीतरी जाती फक्त द्वीपकल्पात, त्यातल्या अनेक फक्त सह्याद्रीच्या आसपास आढळतात. ब्लॅटर आणि मॅकॅन यांचे ‘द बॉम्बे ग्रासेस’ १९३५ मध्ये आले, त्यात पाचगणीच्या नावाने ओळखले जाणारे डायकॅन्थियम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यातली गवते तपासणाऱ्या आर. के. भिड्यांचे नाव एका सबंध प्रजातीला मिळाले, ‘भिडिया’. पोगोनॅक्नी, ट्रिप्लोपोगॉन या तर एकेका जातीच्या प्रजाती, आणि त्यांचेही घर पश्चिम भारतच. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेटन यांनी १९८१ मध्ये ग्लायफोक्लोआ ही प्रजाती वेगळी काढली. तिच्या दहाएक जाती आहेत आणि त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, फक्त भारताच्या द्वीपकल्पात, प्रामुख्याने कोकणच्या जांभ्याच्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पठारांवर. एखादी जात एवढ्याच ठिकाणी सापडते तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर ती पूर्वी सर्वत्र होती आणि आता इथेच तगली आहे, किंवा ती इथेच घडली. ग्लायफोक्लोआच्या जनुकांचा अभ्यास दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो: सड्यावरच्या जाती एका शाखेत, माथ्यावरच्या दुसऱ्या, आणि सगळ्यांचे मूळ एकच. अशी विभागणी व्हायला हजार-दोन हजार वर्षे पुरत नाहीत.

गंमत अशी की या कुळातली जी पिके आपण अगदी आपली मानतो ती बाहेरून आलेली आहेत. ज्वारी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पूर्व सुदानच्या परिसरात माणसाळली, मका मेक्सिकोतून आला, जाड रसाळ ऊस न्यू गिनीकडचा. त्याउलट ज्यांना कुणी विचारत नाही अशी कुरणातली गवते इथली. अर्थात विचारत नाही हेही पूर्ण खरे नव्हे. खानदेशातल्या रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे तुर्कस्तानपर्यंत जात होते आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. तसेच कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात वेंकटरमण यांनी नदीकाठच्या रानटी काशाशी उसाचा संकर केला, म्हणून आजचा ऊस काटक झाला. माळावरच्या नातेवाइकांचे हे ऋण साखरेच्या राजकारणात कुणाच्या ध्यानी नसते.

भूगोलातली दुसरी बाजू मात्र गोंधळात टाकणारी आहे. याच कुळात जगभर फिरलेल्या जाती आहेत आणि कुसळी त्यातली ठळक. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, एवढेच नव्हे तर भर पॅसिफिकमधल्या हवाई बेटांवरही ती आहे. तिथे तिने घरे शाकारली जात. ती एवढी कशी फिरली, हे तिचे एक बी हातात घेतले की कळते. बियाच्या टोकाला सुईसारखे अणकुचीदार टोक असते आणि त्यावर मागे वळलेले ताठ केस, म्हणजे एकदा आत गेले की बाहेर येणे नाही. दुसऱ्या टोकाला बोटभर लांब, तपकिरी-काळी, मध्येच कोपरासारखी वाकलेली शेपटी. ही शेपटी कोरडी असताना पिळलेली असते. दव पडले की पीळ सुटतो आणि ती गोल फिरते, ऊन आले की पुन्हा उलट पीळ बसतो. त्या फिरण्याने टोक मातीत रुतत जाते. मातीऐवजी मेंढीची लोकर किंवा माणसाचे पायताण मिळाले, तर तेही चालते. पिकलेल्या कुसळीच्या शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांचे दोर होतात आणि झुबकेच्या झुबके एकत्र उडतात, वाहतात, चिकटतात. अशा गवताला समुद्र आडवा येत नाही असे नाही, पण लाखो वर्षांत एखादा प्रवास साधला की काम भागते.

या सर्वत्र पसरण्यामुळे एके काळी असा तर्क लढवला जाई की हे कूळ गोंडवन खंडाइतके जुने असले पाहिजे, भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया एकत्र होते तेव्हा ते सगळीकडे होते आणि खंड फुटले तसे विभागले गेले. जनुकीय घड्याळाने हा तर्क मोडीत काढला. अँड्रोपोगोनीचे वय साधारण दोन कोटी वर्षे भरते, आणि भारत मादागास्करपासून तुटला तो त्याच्या चौपटीहून आधी, साडेआठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे खंड फुटले तेव्हा हे कूळ जन्मालाच आले नव्हते, ते जिथे जिथे आहे तिथे नंतर, स्वतःच्या पायाने गेले. इथे चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचा उल्लेख करावा लागतो, कारण तो अनेकदा चुकीच्या पुराव्यादाखल वापरला जातो. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिकताकण दाखवले. गवताच्या पानात वाळूसारख्या पदार्थाचे कण तयार होतात, प्रत्येक गटाचा आकार वेगळा, आणि पान कुजले तरी कण टिकतात. त्या कणांवरून कळले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात गवत होते आणि तांदळाचे दूरचे पूर्वजही होते. शोध जगन्मान्य आहे आणि त्याचा अभिमानही वाटावा, पण गवत जुने असणे वेगळे आणि गवताळ माळ जुना असणे वेगळे. ती गवते झाडीच्या कडेने, ओलसर जागी, इतर वनस्पतींच्या संगतीत असावीत. मोकळ्या उन्हात मैलोन्‌मैल पसरणाऱ्या गवताची कथा त्याच्या फार नंतर सुरू होते.

ती सुरू होते पानाच्या आत. बहुतेक वनस्पती, त्यांत झाडे, भात, गहू आणि बांबूही आले, हवेतला कार्बन ज्या पद्धतीने पकडतात तिच्यात एक खोट आहे. उष्णता वाढली की कार्बन पकडणारे विकर चुकून प्राणवायूच पकडते आणि मेहनत वाया जाते. काही गवतांनी यावर तोड काढली. त्यांच्या पानाचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचे गोल कडे दिसते. बाहेरच्या पेशी कार्बन आधी गोळा करून या कड्यात ढकलतात आणि आत त्याची इतकी दाटी होते की विकराची चूक होत नाही. ही पद्धत १९६० च्या दशकात उसात उलगडली, आधी हवाईत आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांच्या प्रयोगांनी. तिला सी-फोर म्हणतात. गवतांच्या इतिहासात ती वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आणि अँड्रोपोगोनी हे सबंध कूळच सी-फोर आहे. उष्ण, कोरड्या, प्रखर उन्हाच्या जागी ही पद्धत पाणी वाचवते आणि वाढ भरभर करते. मात्र तिला जादा ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच येते. म्हणून सावलीत सी-फोर गवताचा तोटा होतो. झाडांच्या दाट छायेत तगणारी या कुळातली मायक्रोस्टेजियमसारखी काही अपवादात्मक गवते आहेत, पण बहुसंख्यांना डोक्यावर मोकळे आभाळच लागते. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे. ज्या प्रदेशात उन्हाशिवाय न जगणाऱ्या गवतांच्या शेकडो जाती आणि अनेक स्वतंत्र प्रजाती घडल्या, त्या प्रदेशात मोकळी, उन्हाची जमीन लाखो वर्षे सलग असलीच पाहिजे. दाट जंगलाच्या पोटात हे कूळ घडणे शक्य नाही.

याला खडकातला पुरावा आहे का? आहे, आणि तो याच उपखंडातला आहे. सी-फोर वनस्पतीत जड कार्बनचे प्रमाण झाडांपेक्षा जास्त असते. वनस्पती मेली, कुजली, तरी तिचा हा ठसा मातीत तयार होणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत उतरतो. १९८९ मध्ये क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवालिकच्या थरांतले असे खडे थरामागून थर तपासले. साधारण सत्तर लाख वर्षांपूर्वीपर्यंत ठसा झाडांचा आणि झुडपांचा होता, त्यानंतर भूवैज्ञानिक काळाच्या मानाने अगदी झपाट्याने तो सी-फोर गवताचा झाला. पुढे सर्लिंग यांनी आफ्रिका आणि अमेरिकेतही साधारण तसाच बदल दाखवला. सत्तर लाख वर्षांपूर्वी कुऱ्हाड नव्हती, गुरे नव्हती, शेतकरी नव्हता, माणसाचे पूर्वज आफ्रिकेतल्या वानरांपासून नुकतेच वेगळे होत होते. शिवालिक म्हणजे दख्खन नव्हे, हे कबूल, कारण दख्खनच्या बेसाल्टावर त्या काळाचे थर असे रचून राहिलेले नाहीत. पण उपखंडाच्या उत्तरेत गवत जिंकत असताना पर्जन्यछायेतले कोरडे दख्खन मात्र दाट अरण्याने झाकलेले राहिले, असे मानायला काही कारण हवे, आणि ते कुणी दिलेले नाही.

दुसरा पुरावा एका गवताच्या प्रवासाचा आहे आणि तो मला सर्वांत बोलका वाटतो. थेमेडा ट्रायान्ड्रा हे गवत आफ्रिकेतल्या सव्हानांचे जणू बोधचिन्ह. दक्षिण आफ्रिकेत ते रोइग्रास म्हणून ओळखले जाते, सेरेंगेटीतले चरणारे कळप त्यावर पोसतात. साहजिकच त्याला आफ्रिकेचे मानले जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मांडले की थेमेडा आशियात घडले आणि गेल्या वीसेक लाख वर्षांत इथून आधी ऑस्ट्रेलियात व नंतर आफ्रिकेत गेले. सव्हाना म्हटले की आफ्रिका, आणि आशियात असेल तर ती जंगलाची वाताहत, असा जो भूगोल आपल्या डोक्यात बसला आहे तो इथे उलटा पडतो. उन्हातल्या गवताचा एक बलिष्ठ वंश आशियाने आफ्रिकेला दिला. ज्या भूमीत असे गवत घडते तिथे मोकळी राने नव्हती म्हणणे म्हणजे मासा आहे पण पाणी नव्हते म्हणण्यासारखे आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: लाखो वर्षांचे राहू द्या, शेवटच्या काही हजार वर्षांचे बोला. सध्याचा माळ तरी माणसाचाच नाही कशावरून? गोदावरीच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागरातून काढलेल्या गाळाच्या नमुन्यात पानांवरच्या मेणाचे अवशेष मिळाले. त्यांवरून पाँटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की गोदावरीच्या खोऱ्यात साधारण चार हजार वर्षांपासून सी-फोर वनस्पती वाढत गेल्या आणि गेल्या सतराशे वर्षांत आणखी. चार हजार वर्षांपूर्वी म्हणजे दख्खनमध्ये शेतीची वस्ती होत होती तेव्हाच. हा पुरावा टाळून चालणार नाही. पण तो काय सांगतो ते नीट पाहावे. त्या संशोधकांनीच या बदलाचे कारण मुख्यतः पावसाळा मंदावणे हे दिले आहे. वाढत्या सी-फोरमध्ये ज्वारी-बाजरीची शेतेही मोजली जातात, म्हणजे त्यातला काही भाग जंगल जाऊन माळ आला असा नसून माळ जाऊन शेत आले असाही असू शकतो. आणि मुख्य म्हणजे गवत ‘वाढले’ म्हणजे त्याआधी ते नव्हते असे होत नाही. दक्षिणेत निलगिरीच्या दलदलीतल्या गाळावर सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले काम वीस हजार वर्षे मागे जाते. हिमयुगाच्या कोरड्या काळात तिथेही सी-फोर गवताचा जोर होता, पाऊस वाढला तशी झाडे पुढे आली, पुन्हा कोरडे झाले तसे गवत परतले. झाडे आणि गवत हवामानाबरोबर पुढेमागे सरकत राहिली, हे खरे चित्र. माणसाने या सरकण्यात हात घातला, काही जागी जंगल तोडून माळ केला, हे नाकारण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या जास्त पावसाच्या उतारांवर असे घडलेले आहे. पण एका उतारावरचे सत्य सबंध पठारावर लादता येत नाही.

दुसरा आक्षेप वनस्पती ओळखणाऱ्यांचा. ते म्हणतील, तुम्ही ज्या दुर्मीळ जातींचे दाखले देता त्या कोकणातल्या सड्यांवरच्या आणि कास-पाचगणीच्या पठारांवरच्या. इंदापूर-माळशिरसच्या माळावर तर पवन्या, मारवेल, कुसळी हीच दूरवर पसरलेली गवते आहेत. अशी गवते कुठेही मोडतोड झालेल्या जागी शिरतात. आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. सड्यावर माती बोटभर, पावसाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात खडक तापतो, तिथे झाड येऊच शकत नाही, म्हणून तिथे वेगळ्या जाती घडल्या. माळाची माती त्याहून खोल असते. पण दुसरा भाग तपासला की वेगळेच दिसते. अतिचराईने पवन्या आणि मारवेल वाढत नाहीत, ती सर्वांत आधी जातात. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी हा क्रम नोंदवला आहे: चराई वाढली की पवन्याची जागा कुसळी घेते, आणखी वाढली की कुसळीही हटते आणि खुरटी, गुरेही खात नाहीत अशी गवते उरतात. म्हणजे मोडतोडीची खूण पवन्या नव्हे, मोडतोडीची खूण पवन्याचे नसणे. कुंपण घालून राखलेल्या कुरणात काही वर्षांत पवन्या परततो, हे चारा राखणाऱ्या कुणालाही माहीत असते. बिघाडाची आणि सुधारणेची स्वतःची शिडी असलेला हा समाज स्वतंत्र आहे. त्याला दुसऱ्या कुणाच्या शिडीची खालची पायरी म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: झाडे लावली की जगतात ना? मग तिथे झाडेच असायला हवी होती. यावर महेश शंकरन आणि अनेक सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या सव्हानांवर केलेले, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले काम उपयोगी पडते. वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे झाडे किती येणार याची कमाल मर्यादा पाणीच ठरवते आणि गवत-झाड शेजारी नांदतात. त्यापेक्षा जास्त पावसाच्या जागी गवत टिकवायला आग आणि चरणारे प्राणी लागतात. आफ्रिकेतला आकडा इथे जसाच्या तसा चालणार नाही, माती वेगळी, पाऊस चार महिन्यांत कोसळणारा. तरीही माण, खटाव, इंदापूर, कर्जत, सांगोला या पट्ट्यात पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो, हे लक्षात घेतले की हिवर, बोर, बाभूळ, पळस यांची विरळ झाडी आणि त्याखाली गवत हेच इथले नैसर्गिक रूप असणे स्वाभाविक वाटते. टँकरने पाणी घालून गिरिपुष्पाचे रोप जगवता येते, याने ते रोप मध्य अमेरिकेतून आले आहे हे बदलत नाही आणि माळाचा स्वभावही बदलत नाही.

राहिला माणसाच्या आठवणीचा भाग, आणि इथे मराठीला स्वतःचे काही सांगायचे आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये एक वेगळाच पुरावा पुढे आणला. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतचे मराठी चरित्रग्रंथ, लोककथा, ओव्या यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या रानटी वनस्पतींचे उल्लेख येतात, ते त्यांनी स्थळांसह गोळा केले. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती मोकळ्या, उन्हाच्या रानातल्या निघाल्या, दाट जंगलातल्या अगदी मोजक्या. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हा प्रदेश काटेरी झाडांचा आणि चराऊ रानांचाच दिसत होता. साहित्यातला उल्लेख म्हणजे शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे, देवळापाशी उगवलेले एखादे झाड जास्त वेळा नोंदले जाणार आणि पायाखालचे गवत कमी, ही मर्यादा आहेच. पण खडक, जनुके आणि ओव्या एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या, की विरुद्ध बाजूवर पुराव्याचा भार जातो.

तो भार अजून कुणी उचललेला नाही, मात्र धोरण जुन्या समजुतीवरच चालते. माळराने पडीक जमिनीच्या खात्यात मोडतात, म्हणून ती सर्वांत आधी कशाला तरी द्यायला मोकळी असतात: औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, किंवा वृक्षलागवड. २०१६ मध्ये दोन कोटी रोपांपासून सुरू झालेली राज्याची मोहीम २०१९ मध्ये एका वर्षात ३३ कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. एवढी रोपे लावायला जागा लागते, आणि मोकळी दिसणारी जागा म्हणजे माळ. खड्डे आणि चर खणताना मातीखालच्या गवताच्या गड्ड्या उखडल्या जातात. वणव्यात आणि दुष्काळात गवताला परत उभे करणाऱ्या कळ्या त्या गड्ड्यांतच असतात. वर आग येऊन जाते, त्या शाबूत राहतात. नांगराचा फाळ आणि जेसीबीचा दात मात्र त्यांना सोडत नाही. नांगरलेला माळ सोडून दिला तर त्यावर गवत येते, पण ते पूर्वीचे नसते, जुन्या माळातल्या कंदवर्गीय आणि बहुवर्षायू जाती परतायला फार काळ लागतो. माळाबरोबर काळवीट जाते, लांडगा जातो, माळढोक तर नान्नजला अभयारण्य करूनही महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर वाट धरणाऱ्या धनगरांची चराई बंद होते ती वेगळीच. झाडे लावू नयेत असे कुणी म्हणत नाही. तोडलेल्या जंगलाच्या जागी, ओढ्याकाठी, गावात, रस्त्याकडेला ती जरूर लावावीत. प्रश्न जागेचा आहे.

यावर उपाय महागडा नाही. ज्या गावाच्या माळावर लागवड ठरली असेल, तिथल्या ग्रामपंचायतीने आणि वन विभागाने खड्डे आखण्याआधी एक हंगाम थांबावे आणि पावसाळा सरताना, गवते फुलोऱ्यावर असताना, तो माळ एखाद्या जाणकाराबरोबर फिरून गवतांची यादी करून घ्यावी. पोतदार, साळुंखे आणि यादव यांचे ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’ २०१२ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने काढले आहे, त्याच्या आधाराने महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्राचा कोणताही शिक्षक हे काम करू शकतो. यादीत पवन्या, मारवेल आणि डोंगरी यांचे चांगले रान निघाले, तर त्या माळावर कुदळ लावू नये. रोपांना दुसरी जागा शोधावी.